पोथी आणि पारायण : फिल्म सोसायट्यांच्या इतिहासाविषयी काही नोंदी

'अभिजात' हा शब्द मराठीच्या अभ्यासकाच्या कानावर अलीकडे वारंवार पडू लागला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी भाषेला अभिजात दर्जा जाहीर झाल्यापासून तर तो साहित्यचर्चेबाहेर पडून थेट फलकांवर जाऊन बसला. पण एखादी कृती अभिजात कशाने होते, या प्रश्नाचे उत्तर शासननिर्णयात मिळत नाही. ते परंपरेत शोधावे लागते. ज्ञानेश्वरीचेच उदाहरण घेऊ. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिची पाठशुद्धी केली. अपपाठ दूर झाले, पोथी सिद्ध झाली. परंतु ती पोथी फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवली गेली असती, तर ज्ञानेश्वरी आज आपल्याला जशी भेटते तशी भेटली नसती. तिचे पारायण करणारी, तिच्यावर निरूपण करणारी, एका ओवीवरून रात्र जागवणारी मंडळी होती म्हणून ती जिवंत राहिली. उलट मंडळी आहेत आणि पोथीच हरवली आहे, असे झाले असते तर काय उरले असते, याची कल्पनाही करवत नाही.

आमचे म्हणणे असे की चित्रपटाच्या बाबतीत ही दुसरी आपत्ती प्रत्यक्षात आलेली आहे, आणि तिचा एक ठळक दाखला आपल्याच घरातला आहे.

बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट निर्माण केला. कथा नारायण हरी आपटे यांची. कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पौराणिक कथांनी पडदा व्यापलेला असताना खेड्यातले दारिद्र्य असे उघड्याने दाखवणारा हा चित्रपट भारतीय वास्तववादाचा आरंभबिंदू मानला जातो. सिनेमाच्या इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात त्याचे नाव येते. आणि तो चित्रपट आज अस्तित्वात नाही. पेंटरांनी १९३६ मध्ये त्याच कथेवर बोलपट काढला खरा, पण मूळ मूकपटाची प्रत कोठेही नाही. आपल्याजवळ आहेत त्या पाहणाऱ्यांच्या आठवणी. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांना त्यातली अंधारात बुडालेली झोपडी आणि विव्हळणारा कुत्रा कितीतरी वर्षांनंतरही आठवत होता. 'सावकारी पाश' या अभिजात कृतीचा पाठ आता एवढाच, एका प्रेक्षकाच्या स्मरणातला कुत्रा. साहित्याच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबून विचार करावा: हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' आपल्याला केवळ तिच्या एका वाचकाच्या पत्रातून ठाऊक असती तर?

मूकपटांच्या काळात भारतात तेराशेहून अधिक चित्रपट निघाले. त्यांतले पूर्ण स्वरूपात उरलेले हातांच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. याची कारणे गूढ नाहीत. त्या काळची नायट्रेट फीत अत्यंत ज्वालाग्राही होती, दमट हवेत ती चिकट होऊन कुजत असे, आणि खेळ संपलेल्या चित्रपटाच्या प्रतीतून चांदी काढून विकणे हे ती सांभाळण्यापेक्षा फायद्याचे होते. याहून खोल कारण मात्र वेगळे आहे. चित्रपट पुन्हा पाहावयाची वस्तू आहे, हीच कल्पना कोणाच्या मनात नव्हती. नाटकाची संहिता छापली जाई, कादंबरी ग्रंथालयात जाई, चित्रपट मात्र थिएटरातून उतरला की संपला. जी गोष्ट पुन्हा पाहण्याची मागणी कोणी करत नाही, ती जपण्याची जबाबदारीही कोणी घेत नाही.

ती मागणी करणारी मंडळी म्हणजे फिल्म सोसायटी.

तिचा उगम युरोपातला. फ्रान्समध्ये १९२० च्या सुमारास लुई देलुक आणि रिच्चोत्तो कानुदो यांच्या भोवती 'सिने-क्लब' ही कल्पना आकाराला आली. लंडनमध्ये १९२५ च्या ऑक्टोबरात फिल्म सोसायटीचा पहिला खेळ झाला. तिच्या आरंभीच्या सभासदांत एच. जी. वेल्स होते, बर्नार्ड शॉ होते, अर्थशास्त्रज्ञ केन्सही होते. सभासदांपुरता खेळ हा सार्वजनिक खेळ नव्हे, या भूमिकेमुळे सेन्सॉरने अडवलेले चित्रपटही तेथे दाखवता येत. आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन' हा चित्रपट ब्रिटनमध्ये सर्वसाधारण प्रदर्शनासाठी नाकारला गेला होता. तो १९२९ च्या नोव्हेंबरात या सोसायटीने दाखवला. पुढे पॅरिसमध्ये १९३६ साली आँरी लांग्ल्वा आणि जॉर्ज फ्रांज्यू यांनी सिनेमातेक स्थापन केले, आणि संग्रह करणे व दाखवणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत हे प्रत्यक्षात आणले. आमच्या भाषेत सांगायचे तर पोथी आणि पारायण एका छताखाली आले.

भारतात मुंबईत चाळिशीच्या आधीपासून काही हौशी मंडळांचे प्रयत्न झाले होते. चळवळीचा खरा प्रारंभ मात्र ऑक्टोबर १९४७ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्ता फिल्म सोसायटीपासून धरला जातो. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता, बन्सी चंद्रगुप्त, हरिसाधन दासगुप्ता ही तिच्या संस्थापकांतली नावे. त्या वेळी राय जाहिरात कंपनीत चित्रकार होते. हातात चित्रपट नव्हता, होता तो पाहण्याचा आणि बोलण्याचा ध्यास. सोसायटीच्या पहिल्याच वर्षांत त्यांनी भारतीय चित्रपटांत काय उणे आहे याची चर्चा करणारा लेख 'स्टेट्समन'मध्ये लिहिला. पुढे १९४९ मध्ये 'द रिव्हर'च्या तयारीसाठी झाँ रन्वार कलकत्त्याला आले, तेव्हा त्यांच्याशी बोलायला ही मंडळी तयार होती. 'पथेर पांचाली' (१९५५) हा चित्रपट एका प्रतिभावंताने घडवला हे खरे, पण त्या प्रतिभेची तालीम सभासदांच्या बैठकीत झाली होती. सोसायटी मात्र १९५२ च्या सुमारास बंद पडली होती. 'पथेर पांचाली'च्या यशानंतर, १९५६ मध्ये, तिला पुन्हा चालना मिळाली. म्हणजे प्रेक्षक-मंडळाने दिग्दर्शक घडवला आणि दिग्दर्शकाच्या कृतीने प्रेक्षक-मंडळ सावरले. वाङ्मयाच्या इतिहासातही नियतकालिक आणि लेखक यांचे नाते पुष्कळदा असेच असते.

या इतिहासात एक मराठी नाव आहे, आणि ते मराठी वाचकाला जितके ठाऊक असावयास हवे तितके नाही. ते विजया मुळे यांचे. त्यांचा जन्म १९२१ मध्ये मुंबईत झाला. लग्नानंतर त्या पाटण्याला गेल्या, तेथे बाहेरून परीक्षा देऊन पदवीधर झाल्या, आणि १९४६ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून शिक्षणशास्त्राच्या अभ्यासासाठी इंग्लंडात लीड्स विद्यापीठात दाखल झाल्या. तेथील विद्यापीठाच्या फिल्म सोसायटीत त्यांना चित्रपट पाहण्याची वेगळी रीत सापडली. परतल्यावर त्यांनी पाटण्यात फिल्म सोसायटी उभी केली, आणि शिक्षण खात्यातल्या नोकरीनिमित्त दिल्लीस आल्यावर तेथेही. डिसेंबर १९५९ मध्ये देशातल्या सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला. अध्यक्ष सत्यजित राय होते, आणि चिटणीसपदाच्या कामात विजयाबाई होत्या. कलकत्ता, दिल्ली, मुंबई, मद्रास, पाटणा आणि रुरकी अशा सहा ठिकाणच्या सोसायट्या त्यात होत्या. या यादीतले पाटणा आणि दिल्ली ही दोन नावे त्यांच्या हातून आलेली, हे विसरू नये.

महासंघाचे काम बाहेरून रुक्ष दिसणारे होते. परदेशी वकिलातींकडून चित्रपट मिळवायचे, सोसायट्यांच्या खेळांना सेन्सॉरमधून सूट मिळावी यासाठी सरकारदरबारी खेटे घालायचे, पत्र्याच्या डब्यातली रिळे एका गावाहून दुसऱ्या गावी वेळेत पोचतील असे वेळापत्रक बांधायचे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. पुढे त्याने सोसायट्यांसाठी १६ मिलिमीटरच्या प्रतींचे वितरण ग्रंथालय चालवले, तेव्हा हे काम थोडे सोपे झाले. तरीही एक प्रत एका गावात फार तर एक-दोन दिवस राही. सभासदाला ठाऊक असे की हा चित्रपट आज पाहिला नाही तर पुन्हा कधी दिसेल याचा नेम नाही. या टंचाईने पाहण्याला एक धार दिली. खेळापूर्वी चक्रमुद्रित टिपण हातात पडे, खेळानंतर चर्चा होई. जे पुन्हा पाहता येणार नाही ते नीट पाहून ठेवावे लागते, आणि जे एकट्याच्या लक्षात राहणार नाही ते दहा जणांनी मिळून लक्षात ठेवावे लागते.

मुंबईत या चळवळीला साठच्या दशकात जोर आला. बासू चटर्जी आणि अरुण कौल यांच्या पुढाकाराने 'फिल्म फोरम' सुरू झाली. १९६८ मध्ये अरुण कौल आणि मृणाल सेन यांनी नव्या सिनेमाचा जाहीरनामा मांडला. पुढच्याच वर्षी चटर्जींचा 'सारा आकाश' आणि सेन यांचा 'भुवन शोम' आला. 'भुवन शोम'मधली गुजराती खेड्यातली ती हसरी मुलगी म्हणजे सुहासिनी मुळे, विजयाबाईंची कन्या. आईने पाहणारे जमवले आणि मुलगी त्या पाहणाऱ्यांनी मागितलेल्या सिनेमात पडद्यावर आली. यात योगायोग किती आणि कार्यकारणभाव किती, हे वाचकांनी ठरवावे.

त्याच १९६८ मध्ये 'प्रभात चित्र मंडळ' स्थापन झाले. त्याचे महत्त्व आम्हांला विशेष वाटते ते भाषेमुळे. तोवर सोसायट्यांची चर्चा बहुतांशी इंग्रजीत चाले. प्रभातने ती मराठीत आणली. सुधीर नांदगावकर यांनी दीर्घकाळ या मंडळाची धुरा वाहिली आणि २०२३ च्या आरंभी ते निवर्तले. मंडळाच्या 'रूपवाणी' आणि पुढे 'वास्तव रूपवाणी' या नियतकालिकाने चित्रपटाविषयी मराठीत गंभीर लिहिता येते हे दाखवून दिले. वृत्तपत्रातले शुक्रवारचे परीक्षण चित्रपट पाहावा की न पाहावा एवढेच सांगे. येथे चित्रपट पाहून झालेल्या वाचकासाठी लेखन होत होते. समीक्षेचा आरंभ याच ठिकाणी होतो, हे साहित्याच्या शिक्षकाला निराळे सांगावयास नको.

पुण्यात या साऱ्याला शास्त्र मिळाले. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर चित्रपट रसास्वादाचे प्राध्यापक होते. तेही मूळचे सोसायटीवालेच, आग्र्याहून आलेले. 'पथेर पांचाली' ही त्यांची पाठ्यसंहिता होती. एकेक दृश्यखंड पुनःपुन्हा दाखवून ते विद्यार्थ्याला विचारीत की कॅमेरा येथेच का, ध्वनी याच क्षणी का. काव्याचे रसग्रहण आपण शिकवतो ते याच रीतीने, शब्द बदलून पाहून, ओळ उलटीसुलटी करून. पुण्याच्या श्यामला वनारसे यांच्यासह त्यांनी अपू-चित्रत्रयीचा संहिता म्हणून अभ्यास केला. दुसरीकडे पी. के. नायर पोथ्या जमवत होते. त्यांनी संग्रहालयाच्या उभारणीपासून काम केले आणि १९९१ मध्ये ते संचालकपदावरून निवृत्त झाले. फाळके कुटुंबीयांकडून मिळालेला 'कालिया मर्दन' (१९१९) आज आपण पाहू शकतो तो नायरांमुळे. अंधाऱ्या सभागृहात छोट्या विजेरीच्या उजेडात वहीत नोंदी करीत बसलेले नायर ही पुण्याच्या तीन पिढ्यांची आठवण आहे. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) या माहितीपटात ती कायमची नोंदली गेली. नायर २०१६ मध्ये गेले.

पुण्यातली ही विद्या किती दूर जाऊ शकते याचा पुरावा कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडु या खेड्यात मिळतो. तेथे के. व्ही. सुब्बण्णा यांनी 'नीनासम' या नाट्यसंस्थेमार्फत १९७३ मध्ये फिल्म सोसायटी सुरू केली. नायर आणि बहादूर तेथे जाऊन वर्ग घेऊ लागले. सुपारीच्या बागांत राबणारी माणसे 'बायसिकल थीव्ह्ज' आणि 'राशोमोन' पाहून त्यावर कानडीत बोलू लागली. अभिजात कृती समजण्यासाठी शहर, इंग्रजी आणि पदवी यांची पूर्वअट नसते, हे येथे सिद्ध झाले. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा या कामाची दखल देशाबाहेरही घेतली गेली. महाराष्ट्रात साहित्य संमेलनांची परंपरा खेड्यापाड्यांत पोचली, पण हेग्गोडुसारखे गाव आपल्याकडे घडले नाही. ते का घडले नाही, हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

या चळवळीचे गोडवे गाताना तिचे उणेपण झाकण्याचे कारण नाही. सेन्सॉरमुक्त चित्रपट दिसतात म्हणून सभासद झालेल्यांची संख्या सत्तरच्या दशकात लहान नव्हती. नग्नदृश्याच्या अपेक्षेने भरलेले सभागृह बर्गमनच्या मौनाला कंटाळून रिकामे होई, हा अनुभव अनेक आयोजकांनी नोंदवला आहे. दुसरे उणेपण अधिक गंभीर आहे. इटलीचा नववास्तववाद आणि फ्रान्सची नवी लाट यांची सनावळी तोंडपाठ असणारे सभासद आपल्याच प्रांतातल्या मूकपटांची रिळे कोणाच्या माळ्यावर कुजत आहेत, याची चौकशी क्वचितच करीत. ती चौकशी एकट्या संग्रहालयावर सोपवली गेली. आणि संग्रहालयही अभेद्य नव्हते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. वाचवून आणलेलेही असे जाऊ शकते.

ओहोटी मात्र आगीने आली नाही. ती घरातल्या पेटीतून आली. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हिडिओ आला. जो चित्रपट पाहायला रविवारी सकाळी दोन बस बदलून जावे लागे, तो भाड्याच्या कॅसेटवर घरी आला. सोसायट्यांची सभासदसंख्या रोडावली, अनेक बंद पडल्या. परंतु दूरदर्शनला केवळ खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल, आणि याचाही दाखला विजयाबाईच आहेत. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांपर्यंत शैक्षणिक कार्यक्रम पोचवण्याचा 'साइट' हा प्रयोग झाला, त्यासाठी मुलांचे कार्यक्रम तयार करणाऱ्यांत त्या होत्या. आणि त्याआधी, १९७४ मध्ये, त्यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी 'एक अनेक और एकता' हा छोटा चलच्चित्रपट केला होता. त्यातली चलच्चित्रे भीमसेन यांची. झाडाखालची मुले, जाळ्यासकट उडणारी पाखरे. ज्यांनी दूरदर्शनच्या काळात बालपण घालवले त्यांना अधिक वर्णनाची गरज नाही. तो कोणी 'अभिजात' म्हणून जाहीर केला नाही. वर्षानुवर्षे तो पुन्हा पुन्हा दाखवला गेला, आणि वाढलेल्या मुलांनी एकमेकांना त्याची आठवण करून दिली. पाहणाऱ्यांच्या मंडळ्या बांधण्यात आयुष्य वेचलेल्या बाईंचा सर्वांत चिरस्थायी चित्रपट देशातल्या सर्वांत मोठ्या आणि कोणतीही वर्गणी नसलेल्या मंडळीने जपला. त्या मे २०१९ मध्ये दिल्लीत वारल्या तेव्हा बहुतेक बातम्यांत याच चित्रपटाचा उल्लेख पुढे होता. फिल्म सोसायट्यांचा उल्लेख आला तो ओझरता.

पुनर्दर्शनाने कृतीचे भाग्य कसे पालटते, याचे आणखी एक उदाहरण साहित्याच्या अभ्यासकाला अधिक जवळचे वाटेल. गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' १९५९ मध्ये पडला. प्रेक्षकांनी तो नाकारला आणि दिग्दर्शक म्हणून गुरुदत्तांनी पुन्हा आपले नाव दिले नाही. १९६४ मध्ये ते गेले. तो आज अभिजात मानला जातो, कारण नंतरच्या प्रेक्षकांनी तो संग्रहालयांत आणि सोसायट्यांत पुन्हा पाहिला, आणि कारण त्याविषयी लिहिले गेले. अरुण खोपकर यांचे 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' हे १९८५ चे पुस्तक राष्ट्रीय पुरस्काराने गौरवले गेले. ते मराठीत लिहिले गेले, ही गोष्ट अभिमानापेक्षा जबाबदारी म्हणून लक्षात ठेवावी असे आम्हांला वाटते. 'कागज के फूल'ची प्रत उरली होती म्हणून तिचा दुसरा निवाडा होऊ शकला. 'सावकारी पाश'ला ती संधी नाही. त्याच्या बाजूने कितीही मोठा समीक्षक उभा राहिला तरी दाखवायला काही नाही.

आज परिस्थिती उलटी झाली आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन आहे, जुन्या चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाचे मोठे काम सुरू आहे, आणि आमच्या विद्यार्थ्याच्या खिशातल्या यंत्रावर 'राशोमोन' कधीही दिसू शकतो. पोथ्या मुबलक झाल्या आहेत. पारायण मात्र क्वचित होते. कादंबरीवरून चित्रपट हा विषय अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आहे. तेथे बहुधा कथानकांतल्या फरकांची यादी होते आणि प्रश्नपत्रिका सुटते. चित्रपट पूर्ण, सर्वांनी एका वेळी, मध्ये न थांबता पाहिला जातोच असे नाही. आणि मग त्यावर मराठीत, एकमेकांना खोडून काढत तासभर बोलणे ही तर चैनच.

ती चैन नव्हे, हे या इतिहासातून दिसते असे आमचे मत आहे. म्हणून दोन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, साहित्याच्या प्रत्येक विभागाने सत्रातून चार चित्रपट असे पाहावेत, आणि खेळापूर्वी एका विद्यार्थ्याने दोन पानी टिपण मराठीत लिहून सर्वांना द्यावे. दुसरी अधिक तातडीची आहे. बंद पडलेल्या सोसायट्यांची चक्रमुद्रित टिपणे, सभासदांच्या वह्या, नियतकालिकांचे सुटे अंक आज वृद्ध सभासदांच्या कपाटांत आहेत आणि घर बदलताना रद्दीत जात आहेत. प्रेक्षकाची आठवण हाच कधीकधी चित्रपटाचा शेवटचा पाठ असतो. महाविद्यालयाच्या ग्रंथपालाने आपल्या गावातले असे एखादे कपाट गाठून तो कागद आपल्या फडताळात आणला, तरी त्या विव्हळणाऱ्या कुत्र्यासारखे आणखी काहीतरी हाती लागण्याची शक्यता आहे.